बारावीनंतरच्या ॲडमिशन काउन्सेलिंगचं प्रीमियम पॅकेज: पैसे कुठे वसूल झाले आणि कुठे नाही

२०२५ च्या इंजिनिअरिंग ॲडमिशनला माझ्या भाचीसाठी आम्ही पुण्यातल्या एका काउन्सेलिंगवाल्यांचं प्रीमियम पॅकेज घेतलं होतं, १८ हजार रुपये आणि वर जीएसटी. तेव्हापासून नात्यातले, ऑफिसातले, शेजारचे सगळे विचारतायत की कसं होतं, घ्यावं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. नाव टाकत नाहीये. अशी ऑफिसं पुण्यात, साताऱ्यात, लातूरला, नाशिकला कितीतरी आहेत आणि बहुतेकांचं पॅकेज थोड्याफार फरकाने असंच असतं, त्यामुळे तुम्ही कुठेही जाणार असाल तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी पोरीबद्दल सांगते, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. ताईचं सासर खटाव तालुक्यात, वडूजच्या पुढे. दाजींचं छोटं कृषी सेवा केंद्र आहे. भाची दहावीला ९६ टक्के, बारावीला ९१, एमएचटी-सीईटीला पीसीएम ग्रुपमध्ये ९८ च्या पुढे पर्सेंटाईल. गावात पेढे वाटले, शाळेत सत्कार झाला, आणि सत्कारात प्रत्येक भाषण करणाऱ्याने तिचं करिअर आपापल्या परीने ठरवून टाकलं. कोणी म्हणे कम्प्युटर, कोणी म्हणे एआय, एक जण म्हणाले आता डायरेक्ट कलेक्टरच व्हायचं. तिला स्वतःला सिव्हिल करायचंय आणि ते आत्ताचं नाही, नववीपासूनचं आहे. लहानपणापासून टँकर बघितलेत तिने, मग जिहे-कठापूर योजनेचं कृष्णेचं पाणी उपसून माण-खटावकडे आणायचं काम बघितलं, आणि पाणी इतक्या वर चढतं कसं, पंप किती लागतात, वीजबिल कोण भरतं असले प्रश्न ती तेव्हापासून विचारते. हे मी कौतुकाने सांगत नाहीये म्हणजे कौतुक आहेच, पण मुद्दा असा की या पोरीला काय करायचंय ते पक्कं माहीत होतं, फक्त ते कसं मिळवायचं त्याची घरात कोणाला माहिती नव्हती. घरात पहिलीच इंजिनिअर होणार. कॅप (सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) राउंड, मेरिट नंबर, कटऑफच्या पीडीएफमधली ती जीओपीईएनएस, जीओपीईएनएच, एलओपीईएनएस असली कोडं, कुठली जागा स्टेट लेव्हलची, कुठली होम युनिव्हर्सिटीची, टीएफडब्ल्यूएस म्हणजे काय, हे सगळं बघून दाजी म्हणाले पैसे गेले तरी चालतील पण चूक नको. त्यांचं बरोबरच होतं.

पॅकेजमध्ये काय काय होतं: एक ॲप्टिट्यूड टेस्ट, काउन्सेलरबरोबर वन टू वन सेशन, डॉक्युमेंट तपासणी, प्रेफरन्स लिस्ट बनवून देणं, सगळ्या राउंडला फॉर्म भरायला मदत आणि पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप.

टेस्टबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कम्प्युटरवर बसवून प्रश्न सोडवायला लावले, मग रंगीत तक्त्यांचा जाडजूड रिपोर्ट दिला. मूळ पद्धत जॉन हॉलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची आहे, माणसाच्या आवडी सहा प्रकारात बसवायच्या, आणि पद्धत म्हणून ती वाईट नाहीच. पण रिपोर्टमध्ये शेवटी जी करिअरची यादी येते तिच्यात आर्किटेक्टपासून पत्रकारापर्यंत सगळं होतं आणि सेशनमध्ये त्या रिपोर्टचं एक पान सुद्धा कोणी उघडलं नाही. टेस्ट करायचीच असेल तर पुण्यात ज्ञान प्रबोधिनीत अभिक्षमता चाचण्या बऱ्याच वर्षांपासून होतात, तिथे चौकशी करा, आणि बारावीच्या निकालानंतर नाही तर दहावीनंतर करा. निकाल लागल्यावर ती टेस्ट नुसती कागदाला कागद जोडण्यापुरती उरते.

आता सेशन. खरी तक्रार माझी इथे आहे. काउन्सेलर अनुभवी होते, आकडे तोंडपाठ, कुठल्या कॉलेजचं कुठल्या राउंडला काय क्लोज झालं ते न बघता सांगत होते, मानलं पाहिजे. पण त्यांनी पहिल्या दहा मिनिटात पर्सेंटाईल बघितलं, कॅटेगरी बघितली आणि म्हणाले कम्प्युटर किंवा एआय-डीएस (एआय आणि डेटा सायन्स), कॉलेज जरा खालचं चालेल पण ब्रांच सोडू नका. भाची म्हणाली मला सिव्हिल हवंय, शक्यतो पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजला. त्यावर ते म्हणाले, "बेटा, एवढे मार्क्स पडलेत ते असे वाया घालवायचे नसतात."

हे वाक्य मी तेव्हापासून इतक्या जणांकडून ऐकलंय की आता राग येतो. मार्क वाया जातात म्हणजे काय होतं नक्की? हुशार पोरांच्या बाबतीत आपण मार्कांकडे हातातल्या नोटांसारखं बघायला लागलोय, जेवढ्या नोटा तेवढी महाग वस्तू घेऊनच दुकानातून बाहेर पडायचं, उरले तर नुकसान. कमी मार्कांच्या मुलाला निदान विचारतात तरी की बाबा तुला काय आवडतं. ९८ वाल्याला कोणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर मेरिट लिस्टनेच दिलेलं असतं असं सगळे धरून चालतात. आणि १८ हजार घेऊन बसलेल्या माणसाचं पहिलं कामच हे आहे ना की पोरगी काय म्हणतेय ते ऐकून घ्यावं, मग पटलं नाही तर समजावून सांगावं, सिव्हिलला सुरुवातीचे पगार आयटीपेक्षा कमी असतात, साइटवर ऊन असतं, मुलींना अजूनही साइटवर अडचणी येतात, हे सगळं खरं आहे आणि सांगायलाच हवं. ते सांगितलं असतं तर मी हा परिच्छेद लिहिला नसता. त्यांनी फक्त वाया शब्द वापरला आणि पुढच्या विषयावर गेले.

दुसऱ्या बाजूला सिव्हिलमध्ये पुढे काय काय आहे याची माहिती त्यांच्याकडे जवळजवळ नव्हतीच. ती आम्ही नंतर स्वतः गोळा केली. एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा, यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस ज्यात सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स एवढ्याच शाखा आहेत, गेट देऊन आयआयटीत वॉटर रिसोर्सेसमध्ये एमटेक, राज्याचा जलसंपदा विभाग, नाशिकची मेरी ही राज्याची अभियांत्रिकी संशोधन संस्था. आणि आपल्या पुण्यातच खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं, जिथे धरणांची, बंदरांची मॉडेल्स बांधून पाण्याचा अभ्यास करतात. भाचीला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस त्याच्याबद्दलच बोलत होती. प्रसिद्ध इंजिनिअर विश्वेश्वरय्या पुण्यातच शिकले, ज्या कॉलेजचं पुढे सीओईपी झालं तिथे, आणि खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले, हे तिला शाळेपासून माहीत होतं. म्हणजे तिची कॉलेजची निवडसुद्धा हवेतली नव्हती, तिला कारण होतं. हे कारण विचारायला अर्धा तास सुद्धा लागला नसता.

प्रेफरन्स लिस्टवर जरा जास्त लिहिते, कारण इथे तुमचं खरंच नुकसान होऊ शकतं. आम्हाला जी यादी मिळाली ती मागच्या वर्षीच्या कटऑफच्या उतरत्या क्रमाने लावलेली होती, सगळ्यात वर ज्याचं कटऑफ सगळ्यात जास्त ते, मग त्याच्या खालचं, असं शेवटपर्यंत. दिसायला एकदम व्यवस्थित. पण कॅपचं सॉफ्टवेअर काय करतं, तुमच्या यादीत वरून खाली येतं आणि तुमच्या मेरिट नंबरला जी पहिली जागा मिळू शकते तिथे थांबतं, त्याच्या खालची नावं बघतच नाही. आमच्या यादीत खासगी कॉलेजांचं कम्प्युटर आणि एआय वर होतं आणि सीओईपीचं सिव्हिल खाली, कारण कटऑफच्या हिशोबाने ते तिथेच बसतं. म्हणजे तिला वरचं काहीतरी लागलं असतं आणि सिव्हिलपर्यंत गाडी पोचलीच नसती. यादी कटऑफप्रमाणे नाही, तर मनाच्या क्रमाने लावायची असते. जे सगळ्यात जास्त हवंय ते एक नंबरला, मिळण्याची शक्यता कितीही कमी असली तरी, कारण वर टाकल्याने खालचं काही हुकत नाही.

त्यात २०२५ ला नियम बदललेले. राउंड तीनचे चार झाले आणि ऑटो फ्रीज, म्हणजे लागलेली जागा आपोआप पक्की होणं, कडक झालं. पहिल्या राउंडला एक नंबरचा प्रेफरन्स लागला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी कुठलाही लागला तर तोच, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी, आणि चौथा शेवटचा. म्हणजे पहिल्या सहा ओळींत एकसुद्धा नाव "बघू लागतंय का" म्हणून टाकायचं नाही, प्रत्येक नावापुढे तिथे चार वर्षं जायची तयारी पाहिजे. ग्रुपवर एका पालकांनी कळवलं की त्यांच्या मुलाला दुसऱ्या राउंडला असंच वर टाकून ठेवलेलं कॉलेज लागलं आणि फ्रीज झालं, बिचारे रात्री उशिरापर्यंत विचारत होते की काही करता येईल का, आणि काही करता येत नव्हतं. तुम्ही भरणार असाल त्या वर्षीचे नियम माहितीपुस्तिकेत स्वतः वाचा, दरवर्षी काहीतरी बदलतं.

आम्ही त्यांची यादी बाजूला ठेवून घरी दुसरी केली. पहिलं सीओईपी सिव्हिल, दुसरं मुंबईचं व्हीजेटीआय सिव्हिल, तिसरं सांगलीचं वालचंद, पुढे कराडचं शासकीय. ती घेऊन परत ऑफिसला गेलो तेव्हा काउन्सेलरनी सही करून घेतली की ही यादी पालकांच्या मर्जीने आहे. ठीक आहे. पहिल्या राउंडला वालचंद लागलं, जागा स्वीकारली, बेटरमेंट (पुढच्या राउंडला यादीतलं वरचं लागलं तर ते घ्यायचा पर्याय) ठेवलं, दुसऱ्या राउंडला सीओईपी.

आता चांगलं काय ते पण तितक्याच मोकळेपणाने सांगते, कारण आहे. डॉक्युमेंट तपासणी अप्रतिम होती. तिथे एक तरुण मुलगा बसतो, स्वतः इंजिनिअरिंग झालेला, त्याने फाइल उघडल्या उघडल्या सांगितलं की नॉन क्रिमीलेअर संपलेलं आहे, नवीन ३१ मार्च २०२६ पर्यंत व्हॅलिड असलेलं लागेल, आजच्या आज अर्ज टाका. दाजींना वाटत होतं एकदा काढलं की झालं. जात पडताळणी नशिबाने अकरावीतच कॉलेजमार्फत केलेली होती, ती नसती तर फार अवघड गेलं असतं, कारण समितीकडून यायला महिने जातात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नावातला एका अक्षराचा फरक, आधारवर वेगळं आणि मार्कशीटवर वेगळं, सगळं त्याने शांतपणे बसून जुळवून घेतलं आणि ताईला प्रत्येक कागद कशासाठी लागतो ते समजावलं. ताई घरी येऊन मला म्हणाली, त्या पोराने मला पहिल्यांदा असं वाटू दिलं की मला पण यातलं कळतंय.

आणि मुलींच्या फीचं सुद्धा त्याच मुलाने सांगितलं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्सेसला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे, आधी ते निम्मं होतं. पण प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोटा आणि इन्स्टिट्यूट लेव्हलच्या जागा यात धरत नाहीत, आणि अभिमत व खासगी विद्यापीठांना हे लागू नाही. खटाव तालुक्यातल्या घराला चार वर्षांची ट्यूशन फी माफ होणं म्हणजे काय हे मला वेगळं सांगायला नको.

म्हणूनच पुढची गोष्ट खटकली. त्याच ऑफिसात वेटिंगच्या जागेत सगळ्या भिंतींवर खासगी विद्यापीठांचे स्टँड, टेबलावर त्यांचीच माहितीपत्रकं, आणि सेशनच्या शेवटी काउन्सेलर म्हणाले बॅकअप म्हणून यातल्या एका ठिकाणी सीट ब्लॉक करून ठेवा, आमच्याकडून गेलात तर स्कॉलरशिप मिळते. मी विचारलं की तिथे मुलींची फीमाफी चालते का, तर म्हणाले ते नंतर बघता येईल. नंतर कसं बघता येईल, पैसे भरल्यावर? मी सरळ विचारलं की या विद्यापीठांकडून तुम्हाला काही मिळतं का, त्याचं उत्तर आलं नाही. वाईट विद्यापीठं आहेत असं माझं म्हणणं नाही, काही तर खरंच चांगली आहेत, पण ज्याला आपण फी देतो त्याने आपल्या बाजूने बोलावं एवढीच अपेक्षा असते. तुम्ही जाल तिथे हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा, पैसे भरायच्या आधी.

भाचीच्या मैत्रिणीचं पण सांगते, तिने त्यांचंच साधं पॅकेज घेतलेलं. ती पोरगी फिजिक्ससाठी जन्माला आलीये, तिला संशोधनात जायचंय. तिला निकालानंतरच्या सेशनमध्ये सांगितलं गेलं की आयसर, म्हणजे केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, बेस्ट आहे तुझ्यासाठी. पाषाणला पुण्यातच आहे, २००६ पासून आहे, आणि तिला त्याचं नाव पहिल्यांदा तेव्हा कळलं जेव्हा आयसरच्या ॲप्टिट्यूड टेस्टचे फॉर्म बंद होऊन गेले होते. भुवनेश्वरच्या नायसर या तसल्याच विज्ञान संस्थेची नेस्ट परीक्षा, तेही तसंच. हुशार मुलांसाठी असलेले निम्मे दरवाजे बारावीचा निकाल लागायच्या आतच बंद झालेले असतात. लॉची क्लॅट डिसेंबरात होते, डिझाइनची यूसीड जानेवारीत, आयएसआय (कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) आणि सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) यांच्या परीक्षांचे फॉर्म निकालाच्या कितीतरी आधी, एनडीए तर बारावीत असतानाच देता येते. आणि आपल्याकडे काउन्सेलिंगची जाहिरात मे महिन्यात सुरू होते. त्या मैत्रिणीने शेवटी बीएस्सीला ॲडमिशन घेतली आणि ती खूश आहे, बोर्डात पहिल्या एक टक्क्यात येणाऱ्यांसाठी मूलभूत विज्ञानाला वर्षाला ८० हजारांची इन्स्पायर शिष्यवृत्ती असते तिचा अर्ज ती करतेय, पण ही शिष्यवृत्ती सुद्धा तिला कॉलेजच्या सरांकडून कळली, पॅकेजवाल्यांकडून नाही. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बीएस्सी हा ऑप्शनच नव्हता म्हणे. बोर्डात इतकी वर आलेली मुलगी शुद्ध विज्ञान शिकायचं म्हणते तर तिला रस्ता दाखवायला कोणी नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

व्हॉट्सॲप ग्रुप पहिले काही दिवस उपयोगी होता, तारखा वेळेवर कळायच्या, सीईटी सेलची (प्रवेश परीक्षा आणि ॲडमिशन बघणारं सरकारी कार्यालय) नोटीस आली की लगेच पडायची. नंतर पालकांची घाबरगुंडी जास्त आणि माहिती कमी झाली. रात्री म्यूट करून ठेवा, मुलांना तर त्यात ॲडच करू नका.

आता ज्यांना १८ हजार द्यायचे नाहीत किंवा परवडत नाहीत त्यांच्यासाठी, काय फुकट मिळतं ते. सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षांच्या प्रत्येक राउंडच्या कटऑफ पीडीएफ असतात, सीट मॅट्रिक्स (कुठे कोणाला किती जागा त्याचा तक्ता) असतं, माहितीपुस्तिका असते. त्यात पर्सेंटाईल बघू नका, मेरिट नंबर बघा, कारण पर्सेंटाईल दरवर्षीच्या मुलांच्या संख्येवर आणि पेपरवर हलतं, मेरिट नंबर त्या मानाने जास्त भरवशाचा. कोडं समजायला एक संध्याकाळ लागते: सुरुवातीला जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मध्ये कॅटेगरी, शेवटी एस म्हणजे स्टेट लेव्हल, एच होम युनिव्हर्सिटी म्हणजे त्याच विद्यापीठाच्या भागातल्या मुलांची, ओ बाहेरच्यांची. मी आणि भाचीने जेवण झाल्यावर बसून हे केलं आणि तिला माझ्या आधी समजलं, साहजिक आहे. फॅसिलिटेशन सेंटरला गेलात तर कागदपत्रांची तपासणी तिथेही होते, फक्त गर्दी असते आणि कोणाला निवांत समजावून सांगायला वेळ नसतो. आणि जे कॉलेज हवंय तिथे एकदा जाऊन या. आम्ही शिवाजीनगरला सीओईपीच्या गेटवर उभं राहून सरळ पोरींना विचारलं, सिव्हिलची कोणी आहे का. दोन मुली थांबल्या, कॅन्टीनमध्ये घेऊन गेल्या, हॉस्टेल कसं आहे, मेस कशी आहे, इंटर्नशिपला कोण घेतं, कुठले सर चांगले शिकवतात, सिव्हिलला आल्यावर पहिल्या वर्षी नातेवाइकांचं काय काय ऐकावं लागतं, सगळं मनमोकळं सांगितलं. त्यातल्या एकीने सिव्हिल स्वतःहून वर टाकलं होतं, कम्प्युटर दुसरीकडे मिळत असताना. भाचीने तिचा नंबर घेतला, अजून दोघी बोलतात.

रेटिंग द्यायचं तर डॉक्युमेंट आणि फॉर्म भरण्याच्या मदतीला पाचपैकी पाच, तारखा कळवण्याला चार, प्रेफरन्स लिस्टला दोन, आणि करिअर मार्गदर्शन म्हणून जे काही होतं त्याला एक. त्यांच्याकडे नुसतं फॉर्म आणि कागदपत्रांचं छोटं पॅकेज पण आहे, प्रीमियमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, आणि घरात पहिल्यांदाच कोणी इंजिनिअरिंगला जात असेल, कोणाला विचारायला नसेल तर ते नक्की घ्या, त्यात काहीही पैसे वाया जात नाहीत. फक्त निकालाची वाट बघू नका, सगळे दाखले घेऊन एप्रिलमध्येच जा, तेव्हा ऑफिसात गर्दी नसते आणि तो कागदपत्रांवाला मुलगा निवांत बसून सगळं समजावून सांगतो.